ऑरिनच्या पायऱ्या

ऑरिन टॅलमनने आयुष्यभर एकच काम केलं, रस्त्यावरचा बर्फ बाजूला सारायचं. डोंगरातल्या आमच्या गावाला येणारा हायवे हिवाळाभर उघडा राहायचा तो त्याच्या गाडीमुळे. निवृत्त झाला तरी खोड गेली नाही. कुणाच्या दारात बर्फाचा ढीग दिसला की हा फावडं घेऊन हजर. बायको गेल्यापासून सकाळची अंडी माझ्या खानावळीत खातो आणि माझ्या कॉफीला नावं ठेवतो.

मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडापर्यंत जाणारी पायवाट आमच्या डोक्यावरच्या डोंगरातून जाते. ती चालणाऱ्यांना निघायची तारीख परवान्यावरच मिळते. ज्यांच्या नशिबी लवकरची तारीख ते मार्चमध्येच आमच्याकडे येऊन टेकतात. वाळवंट तुडवून, घामाघूम, पायात पळायचे बूट. वर उत्तरेच्या उतारावर तेव्हा दुपारी भुसभुशीत बर्फ असतो आणि सकाळी नुसती काच. तेवढा भाग गाडीने ओलांडा म्हणावं, तर त्यांना वाटतं आम्ही त्यांची अब्रूच मागतोय. सीमेपासून पावलाला पाऊल जोडत आणलेलं असतं, मध्ये गाडीत बसलं की सगळं बाटलं. असला सोवळेपणा मी चर्चमध्येसुद्धा पाहिला नाही.

मागे त्या उतारावरून डेन्मार्कची एक शिक्षिका घसरून गेली. शोधायला गेलेल्यांत ऑरिन होता. सापडली ती मेलेलीच. मग स्वतःहूनच जायला लागला. बर्फ पडला की वर चढायचा आणि बुटाच्या टाचेने, फावड्याने उतारभर आडव्या पायऱ्या पाडून यायचा. चालणाऱ्यांनी फोनवरून ही बातमी जगभर केली. ‘ऑरिनच्या पायऱ्या आहेत, बिनधास्त जा.’ खानावळीत त्याला केक खिलवायला माणसं भांडायची.

मी एकदा म्हटलं, “अरे, तू वाट करतोस म्हणून ही येतात. वाट नसती तर अर्धी परत फिरली असती.”

“आणि उरलेली अर्धी?” तो म्हणाला.

या वर्षी तो स्वतःच्याच दारात घसरला आणि खुब्याला मार बसला. त्याआधी पाडलेल्या पायऱ्या वर तशाच राहिल्या. मध्ये चांगलं ऊन पडलं, पायऱ्यांत पाणी साचलं, मग पुन्हा कडाक्याची थंडी पडली. एकेक पायरी म्हणजे गोठलेली वाटी झाली असणार, हे त्याला खुर्चीत बसून कळत होतं. येईल त्याला सांगायचा, जाऊ नका.

त्यातच कॉरीन आली. ओहायोची, पन्नाशी ओलांडलेली, शाळेची बस चालवून थकलेली. रोज रात्री शिजवलेला बटाटाच खाते म्हणून सोबतच्यांनी तिचं नाव ‘बटाटा’ ठेवलेलं. दोघे ड्रायव्हर भेटल्यावर काय विचारता! गिअर, ब्रेक, हिवाळे. ऑरिनला इतकं हसताना मी बऱ्याच वर्षांनी पाहिलं, आणि मला बरं वाटलं.

तिची आइस-अ‍ॅक्स म्हणजे घसरताना बर्फात रोवायची कुऱ्हाड, पिशवीला बांधलेली होती, दुकानाची चिठ्ठी अजून लटकत होती.

“अहो बाई, ही हातात धरायची असते. पाठीला बांधून काय ओवाळायचीय?” ऑरिन म्हणाला. मग माझ्याकडे बोट केलं. “जाऊच नका. ही वेल्मा पलीकडे सोडेल तुम्हाला गाडीने.”

“गाडीत बसून जन्म गेला माझा. आता चालू द्या की. आणि वाट नसली तर फिरेन माघारी, शपथ.”

“वाट असेलच. तीच तर भानगड आहे.”

“मग झालं तर! आमच्याकडे बर्फाची गाडी फिरून गेली की मी बस काढायचे. पोरं भरून. कधी खरचटलं नाही कुणाला.” तिने त्याच्या दंडावर थोपटलं. “तुमच्यासारख्यांच्या भरवशावरच तर.”

ऑरिनचा चेहरा उतरला. दुपार होऊ दे, बर्फ जरा नरम पडू दे, एवढं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो फावडं घेऊन माझ्या दारात. “पायऱ्या फोडून टाकतो. ती यायच्या आत.” मी गाडी काढली. वाटेला लागल्यावर तो माझ्या खांद्याचा आधार घेत, शिव्या देत चढला. पण ही माणसं उजाडायच्या आत निघतात, चार जण उठले की पाचवाही उठतो. बटाटाबाईही उठली होती, आणि सगळ्यांच्या पुढे निघाली होती.

उताराच्या मध्यापर्यंत तिने बुटांखाली बांधलेल्या लोखंडी काट्यांचे ओरखडे होते, बरोब्बर पायऱ्यांतून. पुढे नव्हते. तिथून खाली खडकांपर्यंत एक गुळगुळीत पट्टा गेलेला. ऑरिनने फोन केला. हेलिकॉप्टर आलं. तिला उचलताना त्या माणसांना कसली घाई नव्हती, त्यावरून आम्ही समजलो.

मग ऑरिनने फावडं घेतलं. काठावरच्या पायऱ्या तो फोडत सुटला, रडत, खुब्याची पर्वा न करता. मी अडवलं नाही.

तेवढ्यात मागून तिघं आली. “अहो, हे काय? पायऱ्या का फोडताय?”

“सकाळी एक बाई इथून खाली गेली. मेली. माघारी फिरा.”

तिघांनी टोप्या काढल्या. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांतला उंच पोरगा म्हणाला, “तुम्ही ऑरिन ना? तुमच्याबद्दल वाचलंय आम्ही.” त्याने हात पुढे केला. ऑरिनने तो घेतला नाही.

तिघांनी आपसांत काहीतरी कुजबुज केली. मग फोडलेल्या जागेच्या जरा वरून पोरगा पुढे झाला, बुटाच्या टोकाने बर्फात लाथ मारत, एकेक पायरी पाडत. मागून दोघी. ऑरिन घसा फुटेपर्यंत ओरडला. पलीकडे पोचल्यावर त्यांनी आम्हाला हात केला.

आम्ही तिथेच बसून होतो तेव्हा खालून आणखी दोघी वर आल्या. नव्या पायऱ्या बघून त्यांचे चेहरे खुलले.

“बरं झालं बाई,” एक दुसरीला म्हणाली, “वाट आहे.”