किलोच्या रेघा

मनुबाई मूळची माण तालुक्यातल्या दहिवडीकडची. बहात्तरच्या दुष्काळात शेरडं-मेंढरं विकून झाली, नवरा मुंबईच्या गिरणीत; मग चौऱ्याहत्तर साली तिला सांगलीतल्या एका मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाचं काम लागलं. येताना तिनं लुगड्यात गुंडाळून पितळी मापटं तेवढं आणलं. दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, हे तिच्या हातालाच पाठ होतं. अक्षर मात्र एक ओळखत नव्हती.

पहिल्याच दिवशी बोर्डिंग सांभाळणाऱ्या विनोदिनीबाईंनी सांगितलं, चाळीस मुलींना दहा किलो पीठ घ्या. किलो म्हणजे शेरच, असं मनुबाईनं गावात ऐकलेलं. तिनं वीस मापटी ज्वारीचं पीठ मोजून घेतलं. दुसरी पंगत बसली आणि भाकरी संपली. सतरा मुली नुसत्या आमटीभातावर उठल्या. कुणी तिला बोललं नाही, पण ते तिच्या जिवाला लागलं.

रविवारी दुपारी ती ॲल्युमिनियमचा, तिच्या भाषेत जर्मनचा, एक उंच डबा आणि खिळा घेऊन शेजारच्या बिराप्पाच्या किराणा दुकानात गेली. गिऱ्हाईक नव्हतं, बिराप्पा पेंगत होता. "आण्णा, किलो किलोनं समदं तोलून दावा. किलो कुठवर येतोय ते बगायचंय," ती म्हणाली. त्याला नवल वाटलं, पण त्यानं तागडी पुढं ओढली.

किलोभर तांदूळ डब्यात ओतले, जिथवर आले तिथं तिनं खिळ्यानं रेघ मारली आणि शेजारी तांदळाचा दाणा कोरला. मीठ त्याच्याही खाली राहिलं. पीठ मात्र वर वर चढत गेलं, दोन मापट्यांच्या कितीतरी पुढं. त्याचा धुरळा उन्हाच्या तिरपीत तरंगत राहिला, आणि मनुबाई त्याच्याकडं बघतच बसली. पिठात वारा भरलेला असतो, हे एवढी वर्षं भाकऱ्या थापून तिला ठाऊक नव्हतं. माणच्या माळावरची लोकर आठवली. गाठोडं डोंगराएवढं, उचलावं तर हलकं. मग नवऱ्याचं हसणं आठवलं. ते तोललं तर किती भरेल, आणि मापट्यात मावेल का, या विचारात ती कुठल्या कुठं गेली. पोहे डब्याबाहेर सांडले तेव्हा बिराप्पानं हाक मारली.

पुढं भाकरी कधी कमी पडली नाही. विनोदिनीबाईंनी एकदा डबा उचलून त्या खुणा पाहिल्या. ही कशाची, ती कशाची, विचारत बसल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी लाल रंगानं प्रत्येक रेघेपाशी नाव लिहिलं: मीठ, तांदूळ, रवा, पीठ. रोज मोजता मोजता ती अक्षरं मनुबाईच्या ओळखीची झाली. मीठ आणि पीठ यांत पहिलंच अक्षर तेवढं वेगळं, हे कळलं त्या दिवशी ती दिवसभर हसत होती.

पावसाळा सरता सरता बिराप्पाकडून आलेल्या पुडीच्या कागदावर तिला एक लांबलचक शब्द दिसला. शेवट ओळखीचा होता. ती कागद घेऊन विनोदिनीबाईंकडं गेली.

"बाई, हितं पीठ लिवलंय. कशाचं?"

"विद्यापीठ आहे ते, मनुबाई. मोठमोठी मुलं शिकतात तिथं."

"असं व्हय," ती म्हणाली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. विद्येचं पीठ. तेही असंच हलकं असणार, वाऱ्यानं भरलेलं, दिसायला डोंगराएवढं. चुलीवरचं आधण उकळायला लागलं तरी ती तिथंच होती, कागदावरच्या शब्दावर बोट ठेवून.