छगन जावयाची बाभळ

रंगुबाईची आणि छगनची पहिली भेट झाली ती टोपीच्या मध्यस्थीने. छगन नुकताच घरजावई होऊन आला होता आणि सासऱ्याच्या बांधावर उभा राहून ऐटीत पीक न्याहाळत होता. एवढ्यात शेजारच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावरून गोफणीचा दगड सुटला. टोपी म्हणे थेट पारनेरच्या बाजारात पडली. दगडामागून जी शिवी आली, ती ऐकून केडगावच्या थांब्यावर एसटीने ब्रेक मारला.

"अगं बया, जावईबापू व्हय! मला वाटलं भोरड्या उठल्या."

भोरड्या म्हणजे दर थंडीत लांबच्या मुलखातून हजारोंनी उतरणारी काळी-गुलाबी पाखरं. ज्वारी दुधात आली की शेतावर पडतात आणि दाणे टिपून कणसाचा नुसता बुरखुंडा ठेवतात. एकाहत्तर सालच्या त्या थंडीत रंगुबाईची वर्षाची भाकरी तेवढ्या एका तुकड्यात उभी होती. ती हाकलायची, पाखरं छगनच्या बाभळीवर बसायची, दम खायची आणि पुन्हा तिच्याच ज्वारीत उतरायची. छगनची पेर उशिराची. त्याच्या कणसांत अजून दाणाच नव्हता.

"बाभळ तोड, न्हाईतर फांद्या तरी छाट!"

"एवढ्या लांबनं येत्यात, मावशी. खाऊ द्या चार दानं. जिवाची दया हाय का न्हाई?"

"दया तुजी आन दानं माजं व्हय रं?"

ती तावातावाने चावडीवर गेली. गावाने जावयाचा मान राखला: झाड त्याचं, मर्जी त्याची. रंगुबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी पोतं अंथरून ती स्वतःच त्या बाभळीवर चढून बसली. काटे टोचले की शिवी छगनला, पाखरू दिसलं की शिवी पाखराला. बसायला जागाच नाही म्हटल्यावर थवे दुसरीकडे वळले आणि तिची ज्वारी खळ्यावर पोचली.

मग ती खाली उतरली. नेमकी तेव्हाच छगनची ज्वारी दुधात आली होती. सकाळी बघते तर जावईबापू बांधावर, हातात पत्र्याचा डबा, तोंडात तिच्याकडूनच शिकलेल्या शिव्या.

"मावशी, गोफन तरी द्या की!"

"खाऊ द्या, जावईबापू. लांबनं आल्यात."

असं म्हणून ती घरी गेली, चहा प्याली आणि गोफण घेऊन परत आली. "सर बाजूला, मेल्या. टोपी काढून ठिव आधी."

बाभळ पुढच्या पेरणीआधी तोडायचं छगनने त्याच दिवशी कबूल केलं.

पुढच्या साली पाऊसच झाला नाही. ज्वारी उगवली नाही, भोरड्या फिरकल्या नाहीत, दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत बसली. बाभळ तेवढी ठरल्याप्रमाणे तोडली होती.