आईच्या डोळ्यांजवळच्या रेघा

दुपारच्या वेळी माझ्या पार्लरमध्ये सहसा कुणी येत नाही. बजाजनगरमधल्या बायका तेव्हा कारखान्यातल्या पहिल्या पाळीवरून परतणाऱ्या नवऱ्यांच्या जेवणाच्या गडबडीत असतात. मी पाय वर घेऊन खुर्चीत बसले होते, आणि दार ढकलून आई आत आली.

मी उठलेसुद्धा नाही, इतकी दचकले. आईचं घर हर्सूलला, शहराच्या त्या टोकाला, आणि आम्ही ह्या टोकाला. गुडघ्यांमुळे कोपऱ्यावरच्या दुकानात जायचंही टाळणारी आई रिक्षा बदलत एकटी आली होती. मला पहिला विचार वडलांचा, अण्णांचा आला.

"अण्णा बरेत ना?"

"बरेत. शेजारच्या भाभीला बसवून आले त्यांच्यापाशी." तिनं चप्पल दाराशी काढली, गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर बसली आणि आरशात बघत म्हणाली, "माझ्या डोळ्यापाशी ह्या रेघा हायत ना, त्या घालव."

मला वाटलं थट्टा करतेय. आईनं आयुष्यात तोंडाला खोबरेलाशिवाय काही लावलेलं नाही. लग्नकार्य असलं तर थोडी पावडर, तीही मानेला. मी पार्लर काढलं तेव्हा उद्घाटनाला येऊन नारळ फोडून गेली, पण आतल्या बाटल्यांकडे तिनं असं बघितलं होतं की जणू कुणाच्या घरातलं उघडं कपाट दिसलं.

"कुणाचं लग्न हाय का?" मी विचारलं.

"लग्न नाय कुणाचं." ती आरशातूनच माझ्याकडे बघत होती. "तुझे अण्णा मला वळखंनात."

अण्णांचं विसरणं आम्हाला नवीन नव्हतं. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर बरीच वर्षं ते ठणठणीत होते. मग चष्मा फ्रिजमध्ये सापडायला लागला, मग नातवंडांची नावं गेली. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हळूहळू वाढत जाणार. पण पुण्याच्या भावानं आणि मी मनाशी एक यादी धरली होती, त्यांच्या आठवणीतून आधी आम्ही जाणार, मग शेजारीपाजारी, आणि आई सगळ्यात शेवटी. तिचा नंबर इतक्या लवकर लागेल असं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काल संध्याकाळी म्हणाले, बाई, अंधार पडला, तुमच्या घरी जा आता. घरचे वाट बघत असतील." आई सांगत होती. आवाज अगदी सपाट होता. "मी म्हणलं, अहो, मी हाय. तर हात जोडले मला. म्हणले, आमची मंडळी माहेराला गेली, ती येऊ द्या, तिच्यापुढं बरं दिसत नाय तुमी इथं असलेलं."

अण्णा बायकोला मंडळी म्हणतात. आईचं माहेर फर्दापूरचं. हर्सूलच्या आमच्या घरावरून त्या बाजूच्या एसट्या जातात, आणि गेले काही महिने अण्णा दिवसभर ओट्यावर बसून त्या बघत असत. आम्हाला वाटायचं, म्हातारपणी रस्ता बघायला आवडतो. ते बायकोची वाट बघत होते, आणि बायको त्यांच्यामागे चहा घेऊन उभी असायची.

आईनं कमरेची पिशवी उघडून एक फोटो काढला. स्टुडिओतला, लग्नानंतर काही वर्षांनी काढलेला. त्यात ती खुर्चीवर बसलेली, अण्णा मागे उभे. "ह्यांना मी आठवते," ती म्हणाली. "पर अशी नाय आठवत. ही आठवते. हिच्यावाणी कर मला."

मी तो फोटो हातात घेतला आणि नंतर आईचा चेहरा बघितला. आईचा चेहरा मी असा कधीच बघितला नव्हता, गिऱ्हाइकाचा बघावा तसा. डोळ्यांच्या कोपऱ्यांतून निघालेल्या रेघा कानापर्यंत पसरल्या होत्या, खालची कातडी कागदासारखी पातळ झाली होती, वरच्या पापण्या ओघळून डोळे अर्धे झाकले होते. मी तिला खरं ते सांगितलं. सुरकुत्या क्रीमनं जात नाहीत. कातडीत ओल धरून ठेवता येते, म्हणजे त्या उथळ दिसतात. मेकअपनं आणखी थोड्या लपतात. पण फोटोतली बाई परत येत नाही.

"तू नवऱ्या नटवतीस," ती म्हणाली. "सायबांच्या बायका येतेत तुझ्याकडं. आईचंच व्हत नाय व्हय?"

मी तिच्या डोळ्यांभोवती क्रीम लावलं आणि कसं लावायचं ते शिकवलं. चोळायचं नाही, करंगळीशेजारच्या बोटानं हलकं थापटायचं, त्या बोटाला जोर कमी असतो. रात्री तोंड धुतल्यावर, सकाळी अंघोळीनंतर. आई शाळेतल्या मुलीसारखी मान हलवत राहिली, आणि मग तिनं स्वतःच्या बोटानं करून दाखवलं. स्वयंपाकघरात जन्म गेलेलं ते जाड बोट तिनं इतक्या जपून डोळ्याखाली टेकवलं की मला दुसरीकडे बघावं लागलं.

त्यानंतर रोज फोन. लावलं. आज जरा चुरचुरतंय. थंड चमचा ठेवला. भाभी म्हणली, चेहरा तुकतुकीत दिसतोय. अण्णांचं विचारलं की फोन ठेवायची.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी मेकअपची पेटी घेऊन हर्सूलला गेले. दुपारी एका साखरपुड्याचं काम होतं, म्हणून मीही तयार होऊन निघाले होते. केस नुकतेच रंगवलेले, डोळ्यांत काजळ, अंगावर मोरपंखी साडी. अण्णा ओट्यावर बसले होते. मी फाटक उघडलं आणि ते उठून उभे राहिले.

"आलीस व्हय?" ते म्हणाले. "एसटी अडकली का कुठं? लई वाट बघाया लावली."

मी म्हणाले, "नाही, स्कूटीवर आले." मला अजून कळलं नव्हतं.

त्यांनी माझ्या हातातली पेटी घेतली. आयुष्यात कधी अण्णांनी माझ्या हातातलं ओझं घेतलं नव्हतं. मग आवाज खाली आणून विचारलं, "तुझ्या आईचं दुखणं कसं हाय? म्हणलं असतंस तर मी बी आलो असतो न्यायला." आणि त्यांनी माझा पदर, खांद्यावरून जरा घसरला होता तो, दोन बोटांनी नीट केला.

तेव्हा मला कळलं. बापाचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. लेकीनं बघावा असा तो नव्हताच. मी मागे सरले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, "अण्णा, मी तुमची लेक." त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेटीकडे बघितलं, आणि काहीतरी चुकलं एवढं त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण ते ओशाळून खाली बसले.

दारात आई उभी होती. तिच्या हातात माझ्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. तिनं सगळं बघितलं होतं. मला वाटलं ती रडेल, निदान आत निघून जाईल. ती पुढं आली, तांब्या माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "बघितलंस? चेहरा तसा असला की वळखतेत. चल आत, कर सुरू."

आतल्या खोलीत खिडकीशी तिला बसवलं. तिचे हात मांडीवर शांत होते. क्रीम लावून ते कातडीत मुरू दिलं. मग रेघा-डाग झाकायचं कन्सीलर, अगदी पातळ, कारण जाड थर दिला की तो रेघांत जाऊन बसतो आणि माणूस आणखी म्हातारं दिसतं. डोळ्याखाली पावडर नावापुरती. भुवया जरा भरल्या, पापण्यांच्या कडेला काजळाची बारीक रेघ, ओठांना फोटोवरून अंदाज घेऊन रंग. पांढऱ्या केसांवर तात्पुरता काळा रंग मारला. कामात गुंतले की मला दुसरं काही सुचत नाही, आणि त्या दिवशी ते बरंच होतं.

"हसू नको," मी तिला म्हणाले. "हसलीस की रेघा उघडतात."

"हसतंय कोण?" ती म्हणाली.

झाल्यावर मी तिला आरसा दिला. खरं सांगायचं तर काम चांगलं झालं होतं. फोटोतली बाई नव्हती, पण तिची थोरली बहीण नक्की होती. आईनं बराच वेळ स्वतःकडे बघितलं. मग तिनं ट्रंकेतून एक जुनं हिरवं लुगडं काढलं, ते आधीच इस्त्री करून ठेवलेलं होतं, आणि ते नेसून ती ओट्यावर गेली. मी दाराआड थांबले.

अण्णांनी मान वर केली. ते उठले, शर्ट सारखा केला आणि दोन्ही हात जोडले. "या, बसा," ते म्हणाले. "कुणीकडच्या तुमी?"

"वळखलं नाय?" आई म्हणाली. "फर्दापूरची."

"आस्सं," अण्णा म्हणाले. अगदी अदबीनं. पाहुण्याशी बोलावं तसं. त्यांनी खुर्ची पुढं केली आणि चहा सांगायला म्हणून आत बघितलं. मग त्यांची नजर फिरायला लागली. माझ्यावरून, दारावरून, स्वयंपाकघराकडे. "ती बाई कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कोण बाई?" मी म्हणाले.

"म्हातारी बाई. इथंच असती. चा करती, गोळ्या देती." ते आत गेले, स्वयंपाकघरात बघितलं, न्हाणीचं दार वाजवलं. परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. "कुणी घालवली तिला? मीच म्हणलो व्हतो वाटतं, घरी जा म्हणून. माझं चुकलं. लई चांगली बाई हाय ती. तिला कुणी नाय दुसरं. बघा की जरा, रस्त्याला गेली का." आणि ते अनवाणीच फाटकाकडे निघाले. मी त्यांना दंडाला धरून थांबवलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी आईकडे बघितलं. मला तिच्या चेहऱ्यावरून काहीच कळेना, आणि त्याला माझा मेकअपच कारण होता. ती आत गेली. मोरीत पाण्याचा आवाज आला. मेकअप काढायचं तेल माझ्या पेटीत होतं, पण मला तिला हाक मारावीशी वाटली नाही. ती कपड्याच्या साबणानं तोंड घासत होती. काजळ गालांवर उतरलं, तेही तिनं धुतलं. हिरव्या लुगड्याच्या पदरानं तोंड पुसत ती बाहेर आली, गाल लाल झालेले, रेघा सगळ्या जागच्या जागी.

अण्णा मटकन खुर्चीत बसले. "आल्या का?" ते म्हणाले. "कुठं गेला व्हता तुमी? सांगून जात जा."

"हाय इथंच," आई म्हणाली. "चा टाकू?"

मी साखरपुड्याच्या कामाला गेले, नवरीला तयार केलं, लोकांनी कौतुकही केलं. त्यातलं मला आज काहीही आठवत नाही. आठवतं ते एवढंच की हर्सूलच्या फाटकाशी मी बराच वेळ स्कूटीची किल्ली हातात धरून उभी होते आणि ती कुठं घालायची ते मला सुचत नव्हतं.

त्यानंतर आईनं मेकअपचं नाव काढलं नाही. क्रीम मात्र लावते, कातडी ओढत नाही म्हणते. मी आता तिकडे जाताना काजळ घालत नाही, केस घट्ट बांधते, आणि फाटकातूनच मोठ्यानं "अण्णा, तुमची लेक आली" म्हणते. कधी त्यांना पटतं, कधी नाही.

मध्यंतरी एकदा गेले तर अण्णा झोपलेले होते. आई भाजी निवडत बसली होती. मी विचारलं, "आता तुला काय म्हणतात?"

"मावशी. अहो मावशी. तुमी जेवलात का, तुमी दमला असाल." तिनं देठ बाजूला टाकला. "सगळ्या जन्मात मला अगं म्हणले. आता अहो-जाहो चाललंय."

"वाईट वाटतं?"

"वाटायचं." तिनं पुढची जुडी सोडली. मग म्हणाली, "मंडळीचं सांगतेत मला. म्हणजे माझंच. परवा म्हणले, मावशी, आमची मंडळी लग्न झाल्यावर पैलं वर्सभर रडायची. भिंतीकडं तोंड करून. तिला वाटायचं मी झोपलोय. मी जागा असायचो."

आई लग्नानंतर वर्षभर रडत होती हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"तू खरंच रडायचीस?"

"व्हय. शाळा सुटली, घर सुटलं. सोळा वर्साची व्हते." ती अगदी साधेपणानं म्हणाली. "ह्यांना कळलंय असं मला कधी वाटलं नाय. मी म्हणलं त्यांना, मग इचारलं कामून नाय तिला? तर म्हणले, इचारलं असतं, आन तिनं मला घरी जायचंय म्हणलं असतं, मग? मग तर तिला धाडावीच लागली असती."

आतून अण्णांच्या खोकण्याचा आवाज आला. आईनं भाजीचं ताट माझ्याकडे सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि "आले, आले" म्हणत आत गेली.