नव्वद चिठ्ठ्या, एकच उत्तर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पाळकांना नाही, बायकोच्या कबरीजवळ बसून तिलाही नाही. माझ्या बाकीच्या फजित्या चर्चच्या साऱ्या मंडळीला तोंडपाठ आहेत — बाप्तिस्म्याच्या हौदात चष्म्यासकट उतरलो ती, नाताळच्या नाटकात माझी खोटी दाढी खऱ्या मेंढीनं खाल्ली ती. मीच रंगवून सांगतो, लोक हसतात, मी खूश. ही मात्र सांगायला बसलो, की पाणी प्यायला उठतो. आत्ताही दोनदा उठून आलो.

आधी आमची एक रीत सांगतो. एक जानेवारीच्या सकाळी आम्ही उपासनेत वर्षाचं वचन काढतो. शास्त्रातली वचनं चिठ्ठ्यांवर लिहायची, गुंडाळ्या करून परातीत ठेवायच्या, परात बाकांमधून फिरवायची. प्रत्येकानं डोळे मिटून एक उचलायची आणि उभं राहून मोठ्यानं वाचायची. देव त्या वर्षी तुमच्याशी ते बोलला. कुणी ती चिठ्ठी पाकिटात ठेवतं, कुणी फ्रिजवर चिकटवतं, कुणी तिच्यावरून पोरीचं लग्नसुद्धा ठरवतं.

चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. अक्षर बरं आहे. शिवाय तीस वर्षं वाळूजच्या एका कंपनीत मी तयार माल तपासायचो; माझ्या नजरेतून सैल नट सुटत नाही अशी ख्याती. आणि देवावरच्या भरवशाबद्दल माझ्याइतकं कोण बोलणार? ‘उद्याचं त्याच्यावर सोडा आणि मोकळे व्हा!’ — हे मी मंडळीत इतक्यांदा म्हटलंय, की माझ्या मागं लोक माझी नक्कल करतात. चांगली करतात.

तर, सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी रूथ — एकुलती एक, नर्स — तिला आयर्लंडमधल्या एका दवाखान्याचं बोलावणं आलं. दोन वर्षं ड्युटी सांभाळून तिनं त्या इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास केला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात हो की नाही ते कळवायचं होतं. तिची आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. पडेगावच्या घरात आम्ही दोघंच.

नाताळनंतर एका दुपारी ती म्हणाली, “पप्पा, मला काही सुचंना. जावं वाटतं, आन् तुमच्याकडं पाह्यलं की नको वाटतं. मी वचनावर सोडते. एक तारखेला जे निघंल, ते.”

“शाब्बास बेटा,” मी म्हणालो. “ह्याला म्हणतात भरवसा.”

आणि आतल्या खोलीत जाऊन चिठ्ठ्या कापायची कात्री शोधायला लागलो.

काय वाटलं होतं मला? आता विचारतो स्वतःला. तिच्या जाण्याची भीती होती? की संध्याकाळी रिकाम्या घराचं कुलूप आपणच उघडायचं, याची? ज्या माणसानं शंभर जणांना धीर दिला, त्याला स्वतःच्या कुलपाची भीती वाटावी! मी त्या चार दिवसांत या गोष्टीसाठी एकदाही प्रार्थना केली नाही. का नाही? कारण उत्तर ‘जाऊ दे’ असं आलं असतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आधी ठरवलं, तिच्या हातात ठरावीक चिठ्ठी सरकवायची. सराव म्हणून एक गुंडाळी शर्टाच्या बाहीत लपवली, ती जेवताना वरणात पडली. रूथनं चमच्यानं काढली. “वचन शिजवायला लागलात का पप्पा?” मी हसलो. लई हसलो. मग सुचलं, की ती कोणती उचलेल याची चिंताच कशाला? सगळ्याच तशा लिहिल्या तर?

शास्त्र उघडून ‘थांब’, ‘आहेस तिथं राहा’, ‘शांत हो’ अशा अर्थाची अकरा वचनं काढली. तीच आलटून पालटून नव्वद चिठ्ठ्यांवर लिहिली. प्रत्येक गुंडाळी दोनदा तपासली. सवयच तशी.

एक तारखेला परात फिरली. पहिल्या बाकावर चौघांना थांबायचं वचन निघालं. दुसऱ्या बाकावर सहा जणांना. लूकसमामा पुण्याला पोराकडं कायमचे राहायला निघाले होते, ट्रक ठरला होता. ते चिठ्ठी वाचून खालीच बसले. “आता बांधलेलं कपाट परत सोडावं लागतं का काय!” लोक हसले. मग हसणं थांबलं. पाळक पुढं आले, त्यांचा आवाज भरून आला होता. म्हणाले, “मंडळी, देव आज आपल्या सगळ्यांना एकच गोष्ट सांगतोय.” काही जण रडायला लागले. मी परात धरून उभा. पाय कापत होते, ते लोकांना पवित्र आत्म्याचं काम वाटलं.

रूथनं डोळे मिटून चिठ्ठी उचलली. वाचली. माझ्याकडे बघितलं — तिच्या चेहऱ्यावर इतका मोकळेपणा मी तिची आई गेल्यापासून पाहिला नव्हता. त्याच दुपारी तिनं नकाराची मेल पाठवली. मी शहागंजातून नान-खलिया आणला आणि चवीनं खाल्ला.

लूकसमामांनी ट्रक मात्र रद्द केला नाही. ते गेले पुण्याला. त्यांच्यापाशी वचनाच्या वर एक बायको होती.

कुणालाच कसा संशय आला नाही? अहो, अक्षर माझं होतं ना, भरवशाच्या माणसाचं.

रूथ आता चौतिशीत आहे. सिडकोतल्या एका दवाखान्यात असते. पुन्हा तिनं कुठं अर्ज केला नाही — देवानं एकदा सांगितलंय म्हणून. तिच्याबरोबर परीक्षा दिलेली मैत्रीण तिकडं गेली. गेल्या महिन्यात तिचा फोन आला होता. बराच वेळ बोलल्या. फोन ठेवून रूथ पोळ्या लाटायला लागली. लाटता लाटता म्हणाली,

“पप्पा, त्या वर्षी देवानं मला थांब म्हटलं. कशासाठी म्हटलं असंल हो? मला अजून दिसंना.”

तक्रार नव्हती. ती असती तर मी भांडलो असतो, आणि भांडणात कदाचित तोंडून निघून गेलं असतं. नुसता प्रश्न होता, आणि त्यात जराशी भीती — आपणच ऐकण्यात चुकलो तर नाही ना, अशी. मी समोर कांदा चिरत होतो. दार लोटलेलं, घरात आम्ही दोघंच, आणि मी काही बोलायची ती वाट बघत होती. याहून सोपी वेळ माणसाला कुठं मिळते?

मी म्हणालो, “त्याची योजना असते बेटा. आपल्याला सगळं कळत नसतं.”

तिनं मान हलवली. लाटणं बाजूला ठेवलं. पिठाचे हात तसेच जोडले, डोळे मिटले, आणि माझ्यासमोर तिनं देवाची क्षमा मागितली — त्याच्या शब्दावर शंका घेतली म्हणून.

मग ती थांबली. घरात एकानं प्रार्थना केली की दुसऱ्यानं शेवट करायचा असतो.

मी म्हणालो, “आमेन.”