बारा हजार पौंडाचं स्टिकर

भीमराज खिल्लारे चिडला की आवाज चढवत नसे. तो गप्प व्हायचा आणि पाना उचलायचा. त्या दुपारी हिंगोलीच्या दवाखान्यातून तो धरणाकाठच्या सिद्धेश्वरला घरी आला, तोंडावर पाणीही न मारता जीपसमोर उकिडवा बसला आणि बंपरवरचा विंच, रुतलेल्या गाड्या ओढायचं तारेचं यंत्र, सोडवायला लागला. त्याच्या बायकोने, ज्योतीने, चहा आणून ठेवला.

"जळबा भावजी कसे हायेत?"

"दोन बोटं काढली."

"कोणत्या हाताची?"

"उजव्या."

चहावर साय धरली.

धरणाचं पाणी उतरलं की मागे राहिलेल्या गाळात लोक टरबूज, काकडी लावतात. वरून तो गाळ वाळून कडक दिसतो, खाली नुसतं लोणी. माल भरलेली पिकअप आत गेली की आसापर्यंत बसते. ओढायला गेलेलं ट्रॅक्टरही तिच्या शेजारी बसतं. अशा वेळी भीमराजला फोन यायचा. पाटबंधारे खात्यात रोजंदारीवर गाडी चालवताना त्याने लिलावात एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली होती. ती काठावरच्या मुरमात उभी करायची, विंचची तार सोडायची आणि बॅटरीवरच्या मोटरने रुतलेली गाडी ओढून काढायची. हूक अडकवायला आणि चाकामागे दगड लावायला जळबा. जळबा भोयाचा, लहानपणापासूनचा जोडीदार. होडी, जाळं सांभाळून तो भीमराजच्या हाकेला यायचा.

विंच नांदेडहून आणलेला. दुकानदाराने सांगितलं होतं, "बारा हजार पौंड खिंचता है. आधी किमत में." लाल स्टिकरवर आकडाही तोच. चांगल्या विंचच्या निम्म्या किमतीत मिळतोय म्हणून भीमराज खूश होता.

आज सकाळी टरबुजांची पिकअप चढाला अर्ध्यावर आली तेव्हा मोटर तापली, म्हणून त्याने बटण सोडलं. बटण सोडल्यावर विंचच्या आतल्या ब्रेकने गाडी जागच्या जागी धरायची असते. जळबा दगड घेऊन मागच्या चाकाशी वाकला. तेवढ्यात ब्रेक सुटला. ड्रम उलटा फिरला, पिकअप हातभर मागे आली आणि दगड व चाकाच्या मध्ये जळबाचा हात सापडला.

भीमराजने विंच अंगणात पोत्यावर घेऊन उघडला. ब्रेकची चकती बिस्किटासारखी झिजलेली. गिअरचे दोन दात उडालेले, आतला धातू राखेसारखा भुरभुरीत. मग त्याने नखाने स्टिकर खरवडलं. खाली बॉडीतच ओतलेला आकडा होता: आठ हजार.

ज्योतीने वाकून पाहिलं. "हे तं सरळ फसवणं झालं."

"उद्या जाऊन राहिलो मी नांदेडला."

"हात उचलू नका कोणावर. तुमाला माझी शपथ हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला त्याने विंचचं पोतं दुकानाच्या काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने एकदा गिअरकडे, एकदा त्याच्या चपलांकडे पाहिलं.

"ओव्हरलोड किया होगा. गाँव के लोग कुछ भी बांध देते है."

"ह्याच्यावर आठ हजार काहून लिवलंय मंग?"

"वो कंपनी का कोड है."

"अन् माझ्या दोस्ताची दोन बोटं?"

"आपकी तो नहीं गयी ना?" दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

काउंटरवर दोन किलोची हातोडी पडलेली होती आणि ती भीमराजला फार जवळ वाटली. त्याने पोतं उचललं, बाहेर आला आणि दुकानाच्या पायरीसमोर, रस्त्याच्या हद्दीत ते अंथरलं. त्यावर चकती, गिअर, ड्रम, खरवडलेलं स्टिकर, सगळं ओळीने मांडलं आणि तिथेच मांडी घालून बसला. जो माणूस पायरी चढायला येई त्याला तो एवढंच म्हणे, "आदी हे बघून जा, भाऊ. मंग घ्या."

लोक थांबले. वाकून बघू लागले. कुणी फोटो काढले. दुकानातला नोकर येऊन खेकसला, "उठ इथून." भीमराज म्हणाला, "रस्ता सरकारचा हाय. उचल मला." नोकराने त्याचे हात पाहिले आणि तो आत गेला.

बाराच्या सुमारास उत्तमसिंग आला. वय साठीच्या पुढे, दाढी पांढरी, अपघातातले ट्रक ओढणाऱ्या क्रेनचा मालक. त्याने चकती हातात घेऊन उन्हात धरली.

"हे ब्रेक नाही बाबा, हे डब्याचं टोपण आहे. एकदम तुटलं, की आधी कधी घसरलं होतं?"

"न्हाई," भीमराज म्हणाला.

उत्तमसिंगने चकती पुन्हा उलटीपालटी करून पाहिली. मग दुकानात गेला. आत काय बोलणं झालं ते भीमराजला ऐकू आलं नाही, पण दुकानदार बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात पैसे होते. भीमराजने घेतले नाहीत.

"आदी मांडणीवरचे बाकीचे स्टिकर काढा. मंग पैसे."

"अरे, ले के जाओ ना!"

"काढा."

सहा विंच होते. दुकानदाराने नोकराकडून सहाही खरवडून घेतले. दोनांवर आठ हजार निघाला, चारांवर काहीच नाही. भीमराजने पैसे घेतले, तरी त्याचा राग उतरला नाही. उलट छातीत आणखी घट्ट बसला.

उत्तमसिंगने त्याला आपल्या यार्डात नेलं, भाकरी खाऊ घातली आणि शहाणपणही फुकट दिलं. "आकड्याला भुलू नको. गाडीच्या वजनाच्या दीडपट ताकद बघ. तीही खरी मिळते ती ड्रमवर तारेचा शेवटचा थर राहतो तेव्हा. स्वस्तात ताकद हवी तर मोठी मोटर नको, कप्पी घे. तार कप्पीतून फिरवून परत जीपला बांध, ओढ जवळपास दुप्पट होते. आणि ब्रेक चढावर तपास. ओढणं सोपं आहे, बाबा. धरून ठेवणं अवघड."

पुढचे आठ दिवस भीमराज दुकानं पालथी घालत होता. सगळीकडे एकच विचारायचा, "चढावर बांधून दाखवता का?" दोघे हसले. एकाने हाकललं. शेवटी वसमतला एका जुन्या स्पेअर पार्टवाल्याने आपल्याच जीपवरचा विंच चढावर बांधून दाखवला, इंजिन बंद केलं आणि म्हणाला, "बसा अर्धा तास." तार तसूभर हलली नाही. साडेनऊ हजार पौंडांचा तो साधा, काळा विंच नव्या कप्पीसह भीमराजने घेतला. गिअर, ब्रेकचे सुटे भाग जिल्ह्यात मिळतात हेही विचारून घेतलं.

त्याच संध्याकाळी तो जळबाकडे गेला. जळबा पांढरी पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून डाव्या हाताने जाळं सोडवत होता. दुकानदाराने परत केलेली रक्कम भीमराजने त्याच्यासमोर ठेवली. जळबा हसला.

"कशाला रे? नशिबात व्हतं. तुझी काय चूक?"

"हसू नको!" भीमराज ओरडला. जळबाची बायको नीलाबाई दचकून चुलीपासून उठली. इतक्या वर्षांत तिने त्याचा चढलेला आवाज ऐकला नव्हता. "काहून हसून राहिलास? दोन दिवस आदी घसरला व्हता तो ब्रेक. वीतभर. म्या पाह्यला. हंगाम चालू हाय, दोन दिवस फोन बंद कशाला ठेवू म्हणून गप बसलो. तुलाबी बोललो न्हाई."

जळबाचं हसू तोंडावरच राहिलं. मग हळूहळू गेलं.

"तुला माहीत व्हतं."

"व्हय."

"अन् दगड लावायला मला धाडलंस?"

जळबा उठला. डाव्या हाताने त्याने पैसे उचलले, नीलाबाईच्या हाती दिले आणि म्हणाला, "हे ठेव. ह्याला म्हणावं, जा."

महिनाभर जळबा बोलला नाही. धरणावर समोर आला तर वाट बदलायचा. भीमराज दोन जणांची कामं एकटाच करायचा: हूक, दगड, कप्पी, सगळं. घाई करणाऱ्यांना तारेच्या लांबीच्या दुप्पट दूर उभं करायचा. एका बागायतदाराने "लवकर कर रे" म्हटलं तेव्हा त्याने तार गुंडाळली आणि जीप घेऊन निघून गेला. पुसेगाव, सेनगावकडून लोक फोन करून विंच कोणता घ्यावा ते विचारायचे. तो कंपनीचं नाव सांगत नसे. म्हणायचा, "चढावर बांधा. अर्धा तास बसा. अन् घसरला तर बोला. कोणाला तरी बोला."

पट्टी सुटल्यावर एका सकाळी जळबा काठावर आला. काही न बोलता जीपपाशी गेला, नव्या विंचला पायाने ढोसलं.

"कामाला यीन," तो म्हणाला. "पण तुझ्यावरचा राग गेला न्हाई. जाईल असंबी समजू नको."

"जाऊ देऊ नको," भीमराज म्हणाला.

गाळात मक्याची ट्रॉली रुतली होती. जळबाने डाव्या हाताने तारेचा हूक उचलला आणि तो पुढे चालू लागला.