बोटीतला भोंगा

तिची उंची इतकी कमी की वर्गात उभी राहून उत्तर देत असली तरी मागून कोणीतरी ओरडायचं, "अगं, उठ की आता!" आवाज मात्र आईचा घेतलेला. आई हातगाडीवर भाजी विकायची. चौथ्या मजल्यावरची बाई दारं-खिडक्या लावून बसली असली तरी खाली कोबी ताजा आलाय हे तिला कळल्याशिवाय राहायचं नाही.

विद्यापीठात नवे विद्यार्थी आले की मैदानावर खेळांच्या क्लबांची टेबलं लागत. वर कापडी फलक: "खेळ सर्वांसाठी". सर्वांसाठी म्हणे! असले फलक रंगवणाऱ्याला एकदा त्याच फलकाखाली उन्हात उभं करायला पाहिजे. बास्केटबॉलवाल्यांनी तिच्या डोक्यावरून मागच्या पोरीला हाक मारली. टेनिसवालीने गोड विचारलं, "रॅकेट कुठली वापरतेस?" हिने जन्मात रॅकेट धरली होती ती डास मारायची.

खेळाचं वेड तिला होतं असंही नाही. तिला हवी होती ती निळी जर्सी, पाठीवर नाव असलेली. ती घालून पोरी कँटीनमध्ये शिरल्या की बाकावरचे लोक आपोआप सरकत. तिच्यासाठी किंवा तिच्या आईसाठी उभ्या आयुष्यात कोणी बोटभर सरकलं नव्हतं.

शेवटचं टेबल रोइंगचं. तिथली कॅप्टन म्हणजे दातांच्या डॉक्टरची लेक, दाराच्या चौकटीएवढी. तिने काही न विचारता हिला कमरेला धरून उचललं, हलवून पाहिलं आणि खाली ठेवलं. बाजारात कलिंगड बघतात तसं.

"हलकी आहे गं! ओरडता येतं?"

हिने आईची आरोळी ठोकली. अख्खं मैदान वळलं. टेनिसवालीच्या हातातला चहा सांडला.

"अगं, ही पोरगी आहे की भोंगा!" कॅप्टन खिदळली. "घेतली. पोहता येतं ना?"

अर्धा क्षण गेला. "येतं," ती म्हणाली.

खरं तर गुडघ्याच्या वर पाण्यात ती जन्मात कधी उतरली नव्हती. पण जर्सी टेबलावरच घडी घालून ठेवलेली होती.

आई म्हणाली, "पाण्यात कडमडायला विद्यापीठात घातलं का तुला?"

"मी वल्हवत नाही गं. आठ जणी वल्हवतात, त्यांची पाठ पुढे असते. मी शेपटीला बसते, समोर बघते, सुकाणूची दोरी धरते आणि ताल देते. ओरडून."

"ओरडायचंच होतं तर गाडीवर काय काटे होते?"

तरी जर्सी आईनेच धुतली, उलटी करून, सावलीत वाळत घातली. पाठीवर लिहिलं होतं: भोंगा.

क्लबात तिचं कौतुक व्हायचं, पण वजनकाट्यावर उभी असताना. शर्यत जवळ आली की आठ जणी तिच्यासमोर अंडी-पाव हादडत आणि कॅप्टन तिच्या पुढ्यातली बशी सरकवून घेई. "तू ओझं आहेस, राणी. ओझ्याने जेवायचं नसतं." सगळ्या हसत. भोंगाही हसे. तरंगायचं जाकीटही काढून घेतलं, तेवढंच वजन कमी. तिने मुकाट्याने दिलं. कँटीनमध्ये लोक सरकत होते ना!

अंतिम शर्यतीच्या आदल्या दिवशी बोटी ठेवायच्या शेडमध्ये तिचं लक्ष भिंतीकडे गेलं. जुन्या विजयांचे फोटो. प्रत्येकात एक बुटकी व्यक्ती हवेत, हातपाय पसरलेले, खाली पाणी.

"ह्या कोण?"

"तुझ्या आधीच्या," वल्ही पुसणारी एक जण म्हणाली. "जिंकलो की सुकाणूवालीला पाण्यात फेकायचं. परंपरा आहे. मज्जा असते!"

ती तशीच कॅप्टनकडे गेली आणि खरं ते सांगून टाकलं. कॅप्टनने तिला कवेत घेतलं. "वेडाबाई! आधी नाही का सांगायचं? नाही फेकणार. माझा शब्द."

शब्द! मोडल्याची झळ ज्यांना कधी बसली नाही, त्यांचे शब्द फार गोड लागतात.

शर्यतीत पुलाखाली दोन्ही बोटी नाकाला नाक लावून आल्या. दोरी जरा ढिली सोडली असती तर बोट भरकटली असती, हार झाली असती आणि ही कोरडी घरी गेली असती. मनात आलंही तिच्या. पण शब्द मिळाला होता, आणि पाठीवर नाव होतं. तिने नरडं फाडून ताल वाढवला. आठ धिप्पाड पोरी त्या एका आवाजाला जुंपल्या गेल्या. बोट जिंकली.

धक्क्याला लागताच चौघींनी तिला हातापायांना धरून उचललं.

"ए, नको! कॅप्टन! सांग ना ह्यांना!"

कॅप्टनने तिचा डावा पाय धरला होता. "एक... दोन..."

पाण्याखाली तिने तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदा आवाज फुटला नाही. पाणी घुसलं. वर आठ जणी पोट धरून हसत होत्या. "काय नाटकी आहे गं ही! बघ, बघ, हात हलवतेय!" कॅमेरा चालू होता. शेवटी हरलेल्या बोटीतल्या एकीच्या ध्यानात आलं. तिने वल्हं पुढे केलं.

फरशीवर ओकत पडली असताना कॅप्टन वाकून म्हणाली, "सॉरी हं. सगळ्यांचा मूडच तसा होता. पण फोटो काय आलाय, बाप रे!"

फोटोत आठ हसरे चेहरे होते. पाण्यात नुसता एक हात.

आईने तो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "तू कुठे आहेस यात?"

"मी काढलाय फोटो," ती म्हणाली. आईने तो गाडीवर, तराजूच्या वर चिकटवला. गिऱ्हाइकांना दाखवायला.

तिने क्लब सोडला असेल असं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. सोडून जायचं कुठे? परत, जिथे कोणी सरकत नाही त्या बाकांकडे?

पुढच्या वर्षी मैदानावर तोच फलक लागला. रोइंगच्या टेबलावर तोच फोटो, मोठा करून. मागे खुर्चीत निळ्या जर्सीतली भोंगा. टेबलापुढे एक चिमुरडी पोरगी येऊन उभी राहिली. चपलेचा अंगठा शिवलेला, डोळे घडी घातलेल्या जर्सीवर.

"पोहता येतं?" भोंगाने विचारलं.

अर्धा क्षण गेला. "येतं," पोरगी म्हणाली.

तो अर्धा क्षण भोंगाच्या चांगल्या ओळखीचा होता. तिने फोटोतल्या हाताकडे पाहिलं, मग मागे उभ्या कॅप्टनकडे. कॅप्टनने भुवई उडवली.

"हलकी आहे," भोंगा म्हणाली. आणि पोरीकडे वळून, "चल, ओरडून दाखव."