मी ‘या’ म्हणालो

वर्तककाका गेल्याचं मला ऑफिसातल्या मीटिंगमध्ये कळलं. कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर सकाळी निरोप आला : बालीगंजचे वर्तककाका पहाटे झोपेतच गेले. समोर पडद्यावर कसलासा तक्ता चालू होता. मी टेबलाखाली फोन धरून बघितलं. माझ्याआधी सोळा जणांनी हात जोडले होते, मीही जोडले. अंगठ्याने एक चित्र दाबलं आणि पुन्हा तक्त्याकडे बघू लागलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला दुःख झालं नाही, सुटल्यासारखं वाटलं... ज्या माणसापासून वर्षभर तोंड चुकवत होतो, त्याच्यासमोर आता उभं राहावं लागणार नव्हतं. हे लिहिताना माझी मान खाली जाते आहे. पण सहा आठवड्यांनी लिहायला बसलोय ते काकांचे गोडवे गायला नाही, ते काम इतरांनी माझ्यापेक्षा चांगलं केलं आहे.

काका केंद्र सरकारच्या नोकरीत बदली होऊन तीस वर्षांपूर्वी इथे आले आणि निवृत्तीनंतरही परतले नाहीत. कोणी विचारलं की म्हणायचे, “बदलीचा पुढचा कागदच आला नाही हो, वाट बघतोय.” मी पुण्याचा, आयटीतला, इथे अकरा वर्षं. आम्हा आठदहा मराठी मंडळींचा सायकलींचा एक गट आहे आणि त्याचा म्होरक्या मी. आमच्या सायकली गिअरच्या, हलक्या. अंगाला चिकटणारे कपडे, डोक्यावर हेल्मेट, हँडलला फोन, फोनवर सरासरी वेग. तो वेग रोज संध्याकाळी इतर गटांशी ताडून बघायचा हा माझा छंद, खरं तर व्यसन. एका रविवारी काका आमच्यात आले ते काळ्या, उभ्या हँडलच्या, कॅरिअर आणि घंटीवाल्या सायकलवरून. वय सदुसष्ट. लहानथोर सगळ्यांना अहोजाहो. मला मात्र कॅप्टन म्हणायचे, आणि त्यात थट्टा किती आणि मान किती हे मला कधीच कळलं नाही.

गेल्या वर्षीच्या जानेवारीत आम्ही तीन दिवसांची सहल काढली. बराकपूरहून नदीच्या काठाकाठाने वर, दुसऱ्या दिवशी काटवा, तिसऱ्या दिवशी बोलपूर. काकांना नेऊ नये असं माझ्या मनात होतं, पण ते तोंडावर सांगायची हिंमत नव्हती. पहिल्या दिवशी शांतिपूरजवळ होडीने गंगा ओलांडून कालन्याला जायचं होतं. घाटावर कळलं की काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. खांद्याचं हाड पूर्वी कधी मोडलेलं, नीट जुळलंच नव्हतं. चालवताना काही नाही, पण सायकल उचलणं अशक्य. ती त्यांची लोखंडी सायकल मीच होडीत चढवली आणि पलीकडे उतरवली. “काका, सायकल आहे की रणगाडा?” असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो. सगळ्यात जास्त हसले ते काकाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. दुतर्फा मोहरी फुललेली, बटाट्याच्या वाफ्यांत बायका वाकलेल्या, आणि समुद्रगढच्या आसपास घराघरांतून हातमागांची खटखट. रस्ता सपाट, वारा पाठीवर. असा दिवस वेगासाठी वर्षातून एकदा मिळतो. आणि काका थांबत होते! प्रत्येक गावाची पाटी मोठ्याने वाचायची, शेतातल्या माणसाला काय लावलंय विचारायचं. एका विणकराच्या दारात ते जे शिरले ते चाळीस मिनिटं बाहेर आले नाहीत. आम्ही रस्त्यावर एक पाय टेकून उभे. शेवटी मी आत गेलो तर काका मागाच्या खड्ड्याशी उकिडवे बसून साडीची किनार कशी उठते ते बघत होते. निघताना ते त्या माणसाला म्हणाले, “आशि.” तो हात जोडून म्हणाला, “आशून.” बाहेर येता येता काका खुशीत मला सांगू लागले, “ऐकलंत कॅप्टन? हेही आपल्यासारखेच. निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. आणि समोरचा म्हणतो, ‘या’. दीड हजार मैलांवर तोच शिष्टाचार!” मी फोनवरचा आकडा बघत होतो. तो सतरावर आला होता.

आता पुढचं. पूर्वस्थळी स्टेशनच्या अलीकडे आम्ही एका चहाच्या टपरीवर थांबलो. कोलकात्यातल्या आम्हा मराठी माणसांना एक वाईट खोड आहे. मराठी ही आमची गुप्त भाषा. बाजारात, बसमध्ये, लिफ्टमध्ये शेजारच्या माणसाबद्दल आम्ही बिनदिक्कत, मोठ्या आवाजात काय वाटेल ते बोलतो, कारण कोणाला कळत नाही. टपरीवर पंधरावीस बंगाली माणसं होती. काका हात धुवायला गेले होते, कुठे ते मी बघितलं नव्हतं. आणि मी सवयीने, ऐसपैस आवाजात सुरू झालो. “म्हाताऱ्याला हौस भारी, अंगात दम नाही. गळ्यात लोढणं बांधून कोणी सायकल चालवतं का? घरी बसून जप करावा तर नाही. पुढच्या खेपेला याला सांगायचंच नाही, परस्पर निघायचं.” दोघंतिघं हसले. टपरीच्या मागे, बांबूच्या तट्ट्यापलीकडे, इतका वेळ हापशाची करकर चालू होती. ती थांबली होती. तिथल्या सगळ्या गर्दीत मराठी समजणारा जो एकच माणूस आमच्याबरोबर उभा नव्हता, तो हातभर अंतरावर होता.

काका रुमालाला हात पुसत आले. चेहरा नेहमीचाच, कान तेवढे लाल. त्यांनी चहा घेतला, सावकाश प्यायले, मातीचा पेला नीट टोपलीत टाकला. मग माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, “कॅप्टन, तुम्ही व्हा पुढे. मी येतो.” आणि माझ्याकडे बघत राहिले. तासाभरापूर्वीच या शब्दाबद्दल ते मला सांगत होते. त्यांचं ‘येतो’ कुठलं, हे मला लख्ख कळलं होतं. त्या वेळी “काका, चुकलो” एवढं म्हटलं असतं तर... दोन शब्द. पण मी म्हणालो, “या.” मग गटाकडे वळून सांगितलं, “काका येताहेत मागून. चला.” आणि पुढचे वीस मैल मी असा सुटलो की तसा वेग मला पुन्हा कधी मिळाला नाही. त्याचा मला त्या दिवशी आनंदही झाला होता, हे लपवत नाही.

काटव्याला पोचल्यावर सगळे विचारू लागले. काकांचा मला एकट्याला निरोप आला होता : “गाडीने हावड्याला निघालो आहे. सर्वांना शुभेच्छा.” मी जाहीर केलं, गुडघा धरला म्हणून काका परत गेले. गुडघा माझ्या मनचा. पुढे मंडळाच्या गणपतीत कोणीतरी काकांना विचारलं, “आता गुडघा कसा आहे?” काका क्षणभर गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वाकून डावा गुडघा चोळला आणि म्हणाले, “आता बरा आहे हो, थंडीत तेवढा कुरकुरतो.” मी प्रसादाच्या रांगेत जाऊन उभा राहिलो. त्यानंतर ते दिसले की मी रस्ता बदलायचो. माफी मागायची तर आधी त्यांनी ऐकलंय हे मला कबूल करावं लागणार होतं, आणि त्यांना तोंड उघडावं लागणार होतं. असं मी मनाला समजावत होतो. रविवारी ते पुन्हा कधीच आले नाहीत.

काका गेल्यावर महिन्याने काकूंना भेटायला बालीगंजला गेलो तेही बायकोने टोचून टोचून पाठवलं म्हणून. काकूंनी चहा केला. जिन्याखाली झाकून ठेवलेली ती सायकल मी येताना बघितली होती. काकू म्हणाल्या, “तुम्ही येणार म्हणून मी वाट बघत होते. त्या दिवशी यांचा गुडघा दुखायला लागला तर तुम्ही गट सोडून यांना स्टेशनवर पोचवलंत, आपल्या हाताने सायकल डब्यात चढवून दिलीत. गणपतीत गुडघ्याचं कानावर आलं म्हणून मी विचारलं, तेव्हा यांनी सगळं सांगितलं मला. म्हणाले, पोरगं घाईचं आहे पण मनाचं चांगलं आहे. ती सायकल तुम्हीच न्या.” माझ्या हातात कप होता. तो खाली ठेवावा की तसाच धरावा हे कळेना. बायकोपुढे आपला अपमान नको म्हणून काका खोटं बोलले असतील, किंवा मला सांभाळायला. मला सांभाळायला, असं वाटून मी घरी येईपर्यंत रडत होतो. पण काकूंपुढे काही बोललो नाही. “बघतो, नेतो,” म्हणून निघालो. खोटेपणाने मिळालेली सायकल नेणं शक्य नव्हतं, आणि का नेत नाही हे सांगणं त्याहून कठीण होतं.

म्हणून हा लेख. इथवर लिहून झाल्यावर तो छापायला पाठवण्याआधी मी परवा पुन्हा बालीगंजला गेलो. काकूंना म्हटलं, काकांवर लिहिलंय, तुम्ही आधी ऐका. लोढणं, म्हातारा, जप, काही गाळलं नाही. तुम्ही वर वाचलंत तेच, तसंच वाचलं. त्या रडतील, रागावतील, चालते व्हा म्हणतील, सगळ्याची तयारी करून गेलो होतो. वाचून झाल्यावर मी कागदांची घडी घातली. मग अगदी साध्या आवाजात, स्वतःशीच विचार केल्यासारखं त्यांनी विचारलं, “मग त्यांच्या तसल्या खांद्याने... गाडीत सायकल चढवली कोणी हो?”

“मला माहीत नाही, काकू,” मी म्हणालो.